अब्बांचे दाखल-खारीज रजिस्टर

अब्बा 1996 साली निवृत्त झाले, पण लोक त्यानंतरही वीस वर्षे दाखल्यासाठी आमच्याच घरी येत राहिले. कुणी लाखांदूरकडून, कुणी पवनीकडून, कुणी थेट नागपूरहून. दारात चपला काढून म्हणत, "हेडमास्तर साहेब हायेत का?" अब्बा त्यांना आत बसवत, पाणी देत आणि समजावत, "बाबा, दाखला आता मी देऊ शकत नाही. शाळेत जा. पण तू कोणत्या साली दाखल झालास ते सांग, रजिस्टरचा खंड आणि पानाचा अंदाज मी सांगतो." आणि तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे.

2017 मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. त्यानंतर आम्ही चौघे भावंडे एकत्र बसलो की विषय फिरून त्या रजिस्टरवरच येतो. भाईजान, आपा, मधला आणि धाकटी, आम्ही चौघेही अब्बांच्याच शाळेत शिकलो. घरी ते अब्बा, शाळेत सर. त्या रजिस्टरने आमच्या घरात एकदा मोठा तंटा झाला होता. तो बाहेर कुणाला ठाऊक नाही. आज लिहितो आहोत, कारण त्यातून जे कळले ते आपल्या घराघरातल्या मुलांच्या कामाचे आहे.

पिंजाऱ्याचा मुलगा

आमचे आजोबा, आमचे दादा, वैनगंगेच्या काठच्या एका छोट्या गावात कापूस पिंजायचे. थंडीच्या आधी खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या गाद्या-रजया भरायचे. भंडारा जिल्हा धानाचा. कापूस इथे फार नाही, म्हणून काम हंगामापुरते. बाकीचे दिवस दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणी. दादा म्हणायचे, "मी शाळेची पायरी चढलो नाही, पण माझा पोरगा चढेल."

अब्बांचा जन्म 1938 चा. ते शिकत होते तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. 1954 च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तेव्हा अब्बा सोळा वर्षांचे होते. ती निवडणूक त्यांच्या कायम आठवणीत राहिली. "एवढा शिकलेला माणूस आपल्या जिल्ह्यात आला आणि आपण त्याला परत पाठवला," असे ते नेहमी म्हणत. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. अब्बा गंमतीने सांगत, "मी जागेवरून हललो नाही आणि तीन राज्यांत राहून आलो."

नागपूरला मॉरिस कॉलेजात शिकताना ते एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहीत. बी. ए., मग बी. टी. झाल्यावर 1962 साली एका खासगी शिक्षण संस्थेच्या हायस्कूलमध्ये लागले. विषय गणित आणि मराठी. मुसलमान मास्तर मराठी व्याकरण शिकवतो याचे गावाला सुरुवातीला नवल वाटले. वर्षभरात नवल संपले, कारण शाळेतली सगळ्यात कडक शुद्धलेखनाची वही त्यांचीच होती. आमच्या गावात उर्दू शाळा नव्हती. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, अरबी कायदा मशिदीत शिकायचो आणि जगाचे सगळे मराठीत शिकलो. अब्बांना यात कधी अडचण वाटली नाही. 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, ते मुलांना आवर्जून सांगत की सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी नायगावहून जोतीरावांना जे पत्र लिहिले त्यात फातिमाचे नाव आहे. "मराठी शाळेचे आणि आपले नाते तेवढे जुने आहे," एवढेच म्हणून ते फळ्याकडे वळत.

ते पहिले दिवस ओढगस्तीचे होते. अनुदान वेळेवर येत नसे, आणि अनुदान नाही म्हणजे पगार नाही. कधी दोन-दोन महिने हात कोरडे. अम्मी रात्री कंदिलाजवळ सूप घेऊन विड्या वळायची. मास्तरची बायको विड्या वळते हे कुणाला दिसू नये म्हणून दार लोटून घ्यायची. अब्बांनी एकदा ते दार उघडले आणि म्हणाले, "मेहनतीची लाज कशाची? दार उघडं ठेव, वारा येऊ दे." आपाला हे अजून जसेच्या तसे आठवते.

हेडमास्तर म्हणजे काय

1974 मध्ये अब्बा हेडमास्तर झाले. दुसऱ्याच वर्षी, 1975 मध्ये, नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकची सवय झालेल्या पालकांना समजेना की वर्ष कमी कसे झाले. अब्बा संध्याकाळी सायकलवर गावोगाव फिरून हे समजावत. शहरातल्या लोकांना हेडमास्तर म्हणजे खुर्ची, घंटा आणि छडी वाटते. आम्ही जे पाहिले ते वेगळे होते.

जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी सुरू झाली की वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. मुलींचे बाक आधी रिकामे व्हायचे. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईचे दिवस. रात्रभर दंडार बघून आलेली पोरे पहिल्या तासाला पेंगायची. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, तेव्हा पहाटेच अख्खे घर जंगलात. अब्बा म्हणायचे, "शाळेचं वेळापत्रक दोन असतात. एक भिंतीवर, एक बांधीत. दुसरं ज्याला वाचता येत नाही त्याने हेडमास्तर होऊ नये." म्हणून रोवणीच्या पंधरवड्यात ते नवा धडा सुरू करू देत नसत, मागच्याची उजळणी घ्यायला लावत. जी मुले बुडाली त्यांना आठवड्याने परत बसता यावे, एवढाच हेतू.

दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की आमच्या घरची भाजी बदलायची. अम्मी म्हणायची, "आता महिनाभर आलू आणि वरण." कुणाची फी राहिली असेल तर अब्बा खिशातून भरत आणि एका जुन्या डायरीत लिहून ठेवत. पुढे ती डायरी आम्ही पाहिली. नावे आणि रकमा होत्या. परत मिळाले की रेघ मारलेली. पुष्कळ नावांवर रेघ नव्हती. वरच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहिला होता, "सदका". सदका कुणाला सांगायचा नसतो, म्हणून ती नावे इथेही लिहीत नाही.

शिक्षक त्यांना थोडे घाबरून असत. लॉगबुकमध्ये ते वर्गनिरीक्षणाची टिपणे लिहीत. त्यात शेरा कडक, पण कधी कुणाला मुलांसमोर बोलले नाहीत. एकदा एका तरुण शिक्षकाने एका मुलाला त्याच्या जातीवरून टोमणा मारला. अब्बांनी त्याला ऑफिसात बोलावले, दार लावले. अर्ध्या तासाने तो बाहेर आला आणि थेट वर्गात जाऊन त्या मुलाची माफी मागितली. आत काय झाले ते ना त्याने सांगितले ना अब्बांनी.

ते लाल कापडी रजिस्टर

या सगळ्यात अब्बांच्या जिवाला सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. त्याला जनरल रजिस्टरही म्हणतात. लाल कापडी पुठ्ठ्याची जाडजूड वही. प्रत्येक मुलाला एक क्रमांक. नाव, वडिलांचे नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. एका मुलाची एक आडवी ओळ. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या ओळीची नक्कल, बाकी काही नाही.

गावाकडे जन्माची नोंद करायची सवय तेव्हा फारशी नव्हती. "पोळ्याच्या दोन दिवस आधी झाला", "त्या साली पूर आला होता", अशा आठवणीवरून तारीख ठरायची. एकदा ती या रजिस्टरात उतरली की माणसाची नोकरी, लग्न, पेन्शन, सगळे त्यावर. अब्बा स्वतः लिहायचे, कारकुनाला लिहू देत नसत. निळी-काळी शाई, बाळबोध वळणाचे गोल अक्षर, खाडाखोड नाही. माध्यमिक शाळा संहितेचा नियम असा की मुलगा शाळेत आहे तोवर पुरावा देऊन, वरिष्ठांच्या मंजुरीने, चूक दुरुस्त करता येते. शाळा सोडून गेला की मुख्याध्यापकाला त्या ओळीला हात लावता येत नाही.

एका वर्षी संस्थेतल्या एका वजनदार माणसाने आपल्या नात्यातल्या मुलाची जन्मतारीख दीड वर्षाने पुढे ढकलायला सांगितले. मुलगा शाळा सोडून गेलेला. नोकरीला वय जास्त होत होते. अब्बा म्हणाले, "साहेब, शाळा तुमची आहे, खुर्ची तुमची आहे, उद्या काढून घ्या. पण ही ओळ त्या मुलाची आहे. ती ना तुमची ना माझी." पुढची काही वर्षे त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. सह्या अडल्या, साधी बिले परत आली, निवृत्तीनंतर पेन्शनची फाइल अकरा महिने फिरत राहिली. अब्बांनी या गोष्टीचा घरात कधी उच्चारही केला नाही. आम्हाला ती त्यांच्या शाळेतल्या शिपाईकाकांनी सांगितली, तीही त्यांच्या इंतकालानंतर.

1995 चा जून

आता आमच्या घरची गोष्ट.

आम्हा चौघांची नावे शाळेत घालताना अब्बांनी त्या रकान्यात लिहिले होते, "मुस्लिम". एवढेच. पिंजारी लिहिले नाही. ते मुद्दाम. त्यांचे म्हणणे, "जी माणसं मशिदीत एका सफेत उभी राहतात त्यांना रजिस्टरात वेगवेगळं का लिहायचं?" आपल्या गावातल्या इतर मुसलमान मुलांच्या नावापुढेही त्यांनी तेच लिहिले. पालकही तेच सांगत. पिंजारी, तांबोळी, अत्तार, जुलाहा, खाटीक, सगळे दाखल करताना "मुसलमान लिवा सर" म्हणत. बिरादरी विचारली तर उलट वाईट वाटायचे.

मग काळ बदलला. 1990 मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांचे आरक्षण मान्य केले. मंडल आयोगाने मागासलेपण मोजताना फक्त एका धर्मातले लोक मोजले नव्हते. महाराष्ट्राच्या यादीतही पिंजारी होते, जुलाहा होते, तांबोळी होते. जालन्याचे शब्बीर अन्सारी गावोगाव सांगत फिरत होते की ही सवलत धर्माची नाही, पिढ्यानपिढ्यांच्या धंद्यामुळे आलेल्या मागासलेपणाची आहे. अभिनेते दिलीपकुमार त्यांच्या सभांना जात, तेव्हा हा विषय आमच्या भंडाऱ्याच्या चहाच्या टपरीपर्यंत आला.

1995 मध्ये धाकटी बारावी झाली. तिला डी. एड. करायचे होते, मास्तरीण व्हायचे होते. गुण चांगले होते, पण खुल्या यादीत थोडक्यात हुकणार हे दिसत होते. ओबीसीचा दाखला असता तर नक्की जागा मिळाली असती. तहसील कचेरीत गेलो. बाबूंनी कागद पाहिले आणि विचारले, "जातीचा पुरावा? मुलीच्या दाखल्यावर नुसतं मुस्लिम. वडिलांच्या दाखल्यावर मुसलमान. मी काय लिहू?" ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. वडिलांचा, आजोबांचा, कुणाचाही, पण त्यात जात लिहिलेली हवी.

त्या रात्री जेवणाच्या दस्तरखानावर धाकटी फुटली. म्हणाली, "अब्बा, तुमच्या एका शब्दाने माझं वर्ष जाणार. रजिस्टर तुमच्याच कपाटात आहे. अक्षर तुमचंच आहे. शाई तीच आहे. 'मुस्लिम'च्या पुढे जागा रिकामी आहे. आपण पिंजारी आहोत हे खोटं तर नाही ना? खरं तेच लिहायला सांगते आहे."

घरात सगळे गप्प झालो. आम्ही बाकीचे तिघे तिच्याच बाजूचे होतो, हे आज कबूल करतो. भाईजान म्हणाले, "अब्बा, लोकांसाठी सगळं केलंत. घरच्यासाठी चार अक्षरं?" मधल्याने तर ताट सरकवून दिले.

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, खरं आहे म्हणूनच मला चोरून लिहिता येत नाही. चोरून लिहिलेलं खरंही खोटं होतं. तू शाळा सोडलीस, ती ओळ बंद झाली. ते रजिस्टर माझ्याकडे अमानत आहे. आज मुलीसाठी उघडलं तर उद्या त्या साहेबांना नाही कोणत्या तोंडाने म्हणू?"

धाकटी म्हणाली, "मग अमानतच सांभाळा," आणि उठून गेली. ती अब्बांशी आठ दिवस बोलली नाही. अम्मी दोघांमध्ये ताट घेऊन फिरत राहिली.

ट्रंकेतले पान

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज झाल्यावर अब्बा एस. टी. ने दादांच्या गावी गेले. म्हणाले, "तुझे दादा शाळेत गेले नाहीत, पण चुलत आजोबा गेले असतील. कुणाची तरी ओळ सापडेल." तिथली जुनी प्राथमिक शाळा 1962 पासून जिल्हा परिषदेकडे आली होती. मुख्याध्यापक तरुण होते, वय तिशीच्या आत. अब्बांना ओळखत नव्हते. त्यांनी अब्बांचा अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला आणि मग एक लोखंडी ट्रंक उघडली. आत इंग्रजी अमलातली रजिस्टरे होती. कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली. ते म्हणाले, "सर, मी आलो तेव्हा वाळवी लागायला आली होती. दर उन्हाळ्यात ऊन दाखवतो." कुणी सांगितले नव्हते, भत्ता नव्हता, कुणी बघतही नव्हते.

दोघांनी मिळून दोन दिवस पाने उलटली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पान सापडले. चुलत आजोबांचे नव्हते. दादांचे होते.

दादा शाळेत गेले होते. नाव, बापाचे नाव, धंदा "कापूस पिंजणे", जात "पिंजारी". दोन वर्षे शिकले होते. शेवटच्या रकान्यात, शाळा सोडल्याचे कारण: "सतत गैरहजर". त्याखाली गुरुजींची सही.

अब्बा घरी आले ते नक्कल घेऊन. जातीचा पुरावा मिळाला होता, पण त्यांनी आम्हाला आधी बोट ठेवून दाखवला तो शेवटचा रकाना. म्हणाले, "बाप आयुष्यभर सांगत राहिला की शाळेची पायरी चढलो नाही. चढला होता. नाव कापलं म्हणून लाजेने सांगत नव्हता." आम्ही अब्बांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मीसुद्धा एकवीस वर्षांत किती पोरांपुढे हे दोन शब्द लिहिले असतील."

धाकटी आतून आली आणि त्यांच्याजवळ बसली. आठ दिवसांचे मौन तिथे सुटले. कुणी कुणाची माफी मागितली नाही, गरज पडली नाही.

तिचे ते वर्ष मात्र गेलेच. प्रमाणपत्र हातात आले तोवर प्रवेश संपले होते. आम्हाला गोष्ट गोड करून सांगायची नाही. खरे वागल्याने तिचे एक वर्ष बुडाले. दुसऱ्या वर्षी तिला प्रवेश मिळाला.

चूक माझी, दुरुस्ती नियमाने

अब्बांच्या नोकरीचे शेवटचे वर्ष उरले होते. त्या वर्षात त्यांनी दोन कामे केली.

पहिले, सतत गैरहजर असलेल्या एकाही मुलाचे नाव ते स्वतः घरी जाऊन आल्याशिवाय कापले नाही. सायकल जुनी झाली होती, गुडघे दुखत होते. एका मुलीच्या बापाने बांधीतूनच ओरडून सांगितले, "सर, पोट्टी नाही येत आता, रोवणीले हात पाहिजे." अब्बा पायजमा वर करून चिखलात उतरले आणि म्हणाले, "एक हात माझा घ्या, तिचा मला द्या." बाप हसला. मुलगी सोमवारी शाळेत आली.

दुसरे काम त्यांना जास्त जड गेले. त्यांनी रजिस्टर काढले आणि ज्या-ज्या मुलांपुढे नुसते "मुस्लिम" लिहिले होते त्यांची यादी केली. जी मुले अजून शाळेत होती त्यांच्या पालकांना बोलावले, जुने पुरावे गोळा करायला लावले, प्रत्येकाचा वेगळा प्रस्ताव करून मंजुरीसाठी पाठवला आणि मंजुरी आल्यावरच लाल शाईने दुरुस्ती करून सही केली. जी शाळा सोडून गेली होती त्यांच्या घरी जाऊन सांगितले, "तुमच्या आजोबांची शाळा कोणती ते शोधा. तिथे ओळ असेल." कुणी म्हणाले, "सर, तेव्हा तुम्हीच म्हणत होता आपल्यात जात नाही." अब्बा म्हणाले, "दीनमध्ये नाही, ते आजही म्हणतो. पण गरिबी कुठून आली त्याची नोंद पुसली तर ती गरिबी जात नाही, फक्त दिसेनाशी होते. हे मला उशिरा कळलं. चूक माझी आहे."

आपल्या हेडमास्तराने दारात येऊन "चूक माझी" म्हणावे हे त्या लोकांना नवीन होते. आम्हालाही नवीन होते. अब्बांची जी जरब आमच्यावर होती ती त्या वर्षी गेली आणि तिच्या जागी दुसरे काहीतरी आले. त्याला आदर म्हणतात हे समजायला आम्हाला आणखी काही वर्षे लागली.

आज

दादांचे गाव आज जागेवर नाही. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली होती. पुढे पाणी अडले आणि वैनगंगेच्या काठची जी गावे उठली त्यांत तेही होते. घराच्या भिंती गेल्या, मशिदीसमोरचे चिंचेचे झाड गेले. शाळा नव्या गावठाणात आली आणि ती ट्रंकही आली. गाव बुडाले, पण दादांची ओळ कोरडी राहिली. ज्या तरुण मुख्याध्यापकांनी ती फडक्यात बांधून ठेवली त्यांचे आमच्यावर जे उपकार आहेत ते फिटण्यासारखे नाहीत. आमच्या अब्बांनी दुसऱ्यांच्या लेकरांच्या ओळी सांभाळल्या, आणि आमची ओळ दुसऱ्या कुणीतरी सांभाळली होती.

धाकटी आता स्वतः मुख्याध्यापिका आहे. आता माहिती संगणकात भरतात, पण लाल रजिस्टर अजून आहे. जून महिन्यात नवी मुले दाखल होतात तेव्हा ती प्रत्येक आई-बापाला समोर बसवून ओळ मोठ्याने वाचून दाखवते आणि मगच सही घेते.

वाचणाऱ्या आई-वडिलांना आमची विनंती एवढीच. मुलाचे नाव शाळेत घातले की काम संपत नाही. एक दिवस शाळेत जा, मुख्याध्यापकांना अदबीने सांगा आणि आपल्या मुलाची ओळ स्वतः वाचा. नावाचे अक्षर जन्मदाखल्याशी जुळते का, तारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का, वडिलांचे नाव पूर्ण आहे का, बिरादरीची नोंद आहे का, ते बघा. चूक असेल तर मूल शाळेत आहे तोवरच सांगा. आणि घरात कुणी म्हातारे असतील तर त्यांना आज विचारा की ते कोणत्या गावच्या कोणत्या शाळेत गेले होते. ते म्हणतील, "मी शाळेत गेलोच नाही." तरी जाऊन बघा.

अब्बांचे एक वाक्य धाकटीने आपल्या ऑफिसात लिहून लावलेले नाही, कारण अब्बांना भिंतीवर वाक्ये लावलेली आवडत नसत. पण नव्या शिक्षकांना ती ते तोंडी सांगते: "मुलाचं भविष्य आपण घडवतो की नाही ते अल्लाह जाणे. त्याची ओळ नीट लिहिणं मात्र आपल्या हातात आहे."